आठ बाय बेचाळीसची दुर्बीण : दोन पावसाळे वापरल्यानंतर

कंपनीचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगते. एक तर पुढे तक्रार करणार आहे, आणि दुसरं म्हणजे दहा-बारा हजारांच्या घरातल्या चार-पाच कंपन्यांच्या दुर्बिणी मी हाताळून बघितल्या, त्यांत फरक आहे तो बाहेरच्या रबराच्या रंगाचा. त्यामुळे हे लिहिते आहे ते त्या मापाच्या दुर्बिणीबद्दल, आणि ती आमच्या कोकणच्या हवेत कशी टिकते याबद्दल. दुकानात हे कोणी सांगत नाही. दुकानं शहरात असतात आणि खारी हवा इथे.

मी दापोली तालुक्यात समुद्रकाठच्या जिल्हा परिषद शाळांमधून एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिली दुर्बीण घेतली ती एका जत्रेतल्या स्टॉलवर, बाराशे रुपयांना. वीस बाय पन्नास, काचा लालभडक, विकणारा म्हणाला, "बाई, चंद्रावरचे खड्डे दिसतील." चंद्राचं माहीत नाही, पण हर्णैच्या धक्क्यावरून सुवर्णदुर्गाचा बुरूज बघितला तर दोन बुरूज दिसले, आणि दोन्ही थरथरत होते. दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागलं. मला वाटलं, मोतीबिंदू आला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डोळे ठीक होते.

त्यानंतर भाच्याने समजावलं ते इथे लिहिते, कारण हे कळलं असतं तर बाराशे रुपये आणि डॉक्टरांची फी वाचली असती. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार तो. दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. पन्नास भागिले वीस, अडीच. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच. एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत आपल्या बुबुळापाशी पोचतो. भर दुपारी अडीचही पुरतो, पण पक्षी बघायचे पहाटे नाही तर तिन्हीसांजेला, तेव्हा अडीचमधून नुसता अंधार मोठा होऊन दिसतो. शिवाय वीस पट मोठं दिसणार म्हणजे आपल्या हाताचा कंपही वीस पट. आठ पटीला माझ्यासारखीचा हात स्थिर राहतो. दहाची घेऊ का, असं बरेच जण विचारतात. ज्याचं वय तीस आहे आणि जो चहा पीत नाही त्याने घ्यावी. झूमवाली कोणीच घेऊ नये.

तर ही दुसरी, आठ बाय बेचाळीस, अकरा हजार आठशे रुपये. वजन सातशे ग्रॅमला थोडं कमी. हजार मीटरवर सुमारे एकशेतीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. कागदावर हा आकडा मला निरर्थक वाटला होता, पण उडणारा पक्षी नळीत धरायचा म्हटलं की त्याची किंमत कळते. जुन्या दुर्बिणीत पक्षी शोधेपर्यंत तो पार आंजर्ल्याला पोचलेला असायचा.

चष्मेवाल्यांसाठी एक सूचना. डोळ्याकडच्या रबरी वाट्या फिरवून आत ढकलायच्या, म्हणजे चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो. बाहेर ठेवल्या तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं होतं. आणि पहिल्या दिवशीच उजव्या नळीवरचं कडं लावून घ्यायचं : उजवी काच झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचं, मग डावी झाकून उजवं कडं. माझ्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे आहेत. हे करायला मी तीन महिने लावले, कारण माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरात छापलेलं की ते वाचायलाच दुर्बीण हवी होती.

पहिला हिवाळा हर्णै बंदरावर काढला. लिलावाच्या वेळी होड्या लागल्या की कुरवांचा नुसता कालवा असतो. एकतीस वर्षं मी त्यांना 'ते पांढरे पक्षी' म्हणत होते. मुलांनाही तेच शिकवलं असणार. दुर्बिणीतून बघितल्यावर कळलं की एका थव्यात निदान तीन-चार तऱ्हा आहेत. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त शाईचा डाग पडावा तसा एक ठिपका. उडाला की पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात पांढरे चट्टे, ही त्याची खूण. काळ्या डोक्याच्या कुरवाला ते चट्टे नसतात. जानेवारीत मी शेजारच्या दोन नाती घेऊन गेले होते, सहावीतली आणि तिसरीतली. तिसरीतली दुर्बीण घेऊन बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "आजी, याचा डोळा पांढरा आहे." आणि खरंच, मोठ्या वयाच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची बाहुली काळी आणि भोवतीचं कडं फिकट पांढरं असतं. माझ्या नजरेतून दोन महिने सुटलेलं. मार्चमध्ये त्यांची डोकी एकेक करून रंगायला लागतात, काहींची अर्धी, जणू केस रंगवायला बसले आणि मध्येच पाहुणे आले. पूर्ण रंगली की हे निघतात लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांना. पिल्लं तिकडे घालायची आणि मासळी खायला हर्णैला यायचं.

धक्क्यावरच्या एका मावशींनी विचारलं होतं, "बाई, त्यातनं पापलेटचा भाव दिसतो काय?" मी म्हटलं, भाव दिसत नाही, पण तुमच्या टोपलीतली मासळी कालची आहे ते दिसतं. त्या दिवसापासून मला ताजी मिळते.

खडकावरचा बगळा हाही असाच. एक राखी-काळा, एक पांढराशुभ्र, मी दोन वेगळ्या जाती समजत होते. एकच जात, दोन रंगांत. काळ्याच्या गळ्यावर पांढरा पट्टा आणि पाय असे की वर गडद आणि पावलं पिवळी, मोजे घातल्यासारखी.

काकण मात्र दुर्बिणीआधीपासून ओळखीचा. समुद्री गरुड, ज्याला आमच्याकडे काकण म्हणतात, तो उडताना पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर उचलून धरतो, शेपूट पाचरीसारखी. खालून बघितलं तर पंखाची पुढची बाजू पांढरी आणि मागची पिसं काळी. दुर्बिणीने दिलं ते एवढंच की त्याच्या पायांत काय आहे ते कळायला लागलं. एकदा मी दोरी समजले. दोरी हलली. समुद्रसाप होता, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, आणि ती शेवटपर्यंत वल्हवत होती, हवेत. घरटं कुठल्या गावात आणि कुठल्या झाडावर आहे ते विचारू नका. फोटोवाले झाडाखाली तंबू ठोकतात.

याच काकणाच्या मागे फिरणाऱ्या चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या मंडळींना २००२ साली वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली, आणि तिथून कोकणातलं कासवांचं सगळं काम उभं राहिलं. आता वेळासला, आंजर्ल्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं सोडताना बघायला गाड्यांची रांग लागते. तिथे दुर्बीण नेऊ नका. पिल्लू तळहाताएवढंही नसतं आणि दोरीपलीकडे दहा पावलांवर असतं. दुर्बिणीची नळी पुढच्या माणसाच्या डोक्यावर आपटते, एवढाच तिचा उपयोग. पिल्लू पाण्यात शिरलं की पहिल्या लाटेनंतर दिसत नाही, आठ पट काय आणि ऐंशी पट काय. २०२२च्या जानेवारीत आंजर्ल्याहून सावनी नावाची कासवीण पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावून सोडली होती. आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेली सापडली. म्हणजे सगळा भारत वळसा घालून. या कामाला बिल्ला आणि उपग्रहच लागतात, माझी दुर्बीण घरी बरी.

डॉल्फिन बघायला मात्र घ्याच. आणि होडीत बसू नका. मी एकदा बसले होते, नाव-गाव सांगत नाही. सहा होड्या एका कळपाच्या मागे, इंजिनं फुल्ल, लोक ओरडतायत, आणि डॉल्फिन बिचारे श्वास घ्यायला वर आले की पुन्हा खाली. माझ्या वाट्याला एक पाठ आली, तीही शेजाऱ्याच्या मोबाइलच्या वरून. आता मी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाते. सकाळी आठच्या आत, वारा सुटायच्या आधी. पाणी तेलासारखं असतं आणि उंचावरून दूरपर्यंतचा पट्टा दिसतो. आधी सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून बुड्या मारताना शोधायचे, कारण खाली मासळी असते. मग नळी तिथेच धरून बसायचं. आमच्या किनाऱ्यालगत असतात ते कुबडवाले डॉल्फिन : आधी लांब चोच वर येते, मग पाठीवरचं कुबड, मग त्या कुबडावर बसवलेला छोटासा पर, आणि सगळं सावकाश खाली जातं, पाणी न उडवता. उड्या-बिड्या फारशा नाहीत. ज्यांना उड्या हव्यात त्यांनी टीव्ही बघावा. एका डिसेंबरच्या सकाळी मी एक आई आणि तिला चिकटून पोहणारं करडं पिल्लू वीस मिनिटं बघितलं. देवळातले गुरुजी येऊन विचारून गेले, बरं वाटतंय ना.

आता या दुर्बिणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी विकत घेताना मी विचारलीही नव्हती. ही दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवते. सगळ्या दाखवत नाहीत. जुन्या लाल काचेला दहा मीटरच्या आतलं काही दिसतच नव्हतं. दुकानात उभं राहून आपल्याच चपलेकडे बघा. चपलेचे टाके दिसले तर घ्या.

कारण ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी असते ना, मधल्या भोकातून किरणांसारखी पसरलेली, ती कोण करतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि करताना कोणी बघितलेलं नसतं. आपण जवळ गेलो की पावलांच्या हादऱ्याने ते बोटाच्या पेराएवढे खेकडे भोकात जातात. मी प्लास्टिकचं स्टूल घेऊन गेले, भोकांपासून सात-आठ फुटांवर मांडलं आणि हललेच नाही. चार-पाच मिनिटं काही नाही. मग एका भोकाच्या तोंडाशी दोन डोळे, देठावरचे. मग तो बाहेर आला आणि थेट जेवायला बसला. दोन्ही नांग्या चमच्यासारख्या, उजवी-डावी-उजवी-डावी, वाळू खरवडून तोंडात. तोंडात तो वाळूच्या कणांना चिकटलेलं बारीक अन्न काढून घेतो, आणि चोथा झालेली वाळू तोंडाच्या वरच्या बाजूने बाहेर येत राहते, फुगत फुगत, अशी की क्षणभर त्याच्या तोंडावर मोदक ठेवलाय असं वाटतं. मग एका झटक्यात तो गोळा काढून मागे सरकवतो आणि एक पाऊल बाजूला. पुन्हा उजवी-डावी. एका रेषेत बाहेर जायचं, ती वाट रिकामी ठेवायची, म्हणजे संकट आलं की गोळ्यांत न अडखळता सरळ घरी. मी घड्याळ लावून मोजलं, एका मिनिटात माझ्या त्या खेकड्याचे सात गोळे झाले. शेजारच्याचे नऊ. शाळेत असते तर पालकांना बोलावून घेतलं असतं.

वावटळीसारखी एक सावली गेली, घारीची, आणि सगळा किनारा एका क्षणात रिकामा. नुसती नक्षी.

आणखी एक युक्ती भाच्यानेच दाखवली. दुर्बीण उलटी धरायची, मोठ्या काचेला डोळा लावायचा आणि लहान काच वस्तूच्या अगदी जवळ, दोन-तीन बोटांवर न्यायची. ती भिंग होते. खडकांवर पायाला कापणारी पांढरी कवचं चिकटलेली असतात, बार्नॅकल, ती मी आयुष्यभर शिव्या देत ओलांडली. डबक्यातल्या पाण्याखालच्या एका कवचावर उलटी दुर्बीण धरली तर वरची दोन झाकणं उघडली, आतून पिसाचा पंजा बाहेर आला, पाणी विंचरून पुन्हा आत. उघड, विंचर, मीट. त्या एका हाताएवढ्या डबक्यात अशी शंभर तरी असतील. गुडघे टेकून बसले होते ते उठताना कोणीतरी हात द्यायला हवा होता.

यासाठी वेळ बरोबर साधावी लागते आणि त्याला ॲप लागत नाही, कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात आणि संध्याकाळी पावणेआठच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले, उधाणाचं पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीला जाऊ नका. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि ओहोटी येते बारा वाजता, टाळक्यावर ऊन घेऊन.

आता तक्रार. पहिल्या मे महिन्यात दुर्बीण माझ्या हातून जांभ्याच्या पायरीवर पडली. वरून काही झालं नाही, रबरावर ओरखडा. मी खूश. खोक्यावर 'वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली' असं लिहिलेलं होतं, म्हणून पावसाळाभर तिच्याच काळ्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, साड्यांच्या खाली. गणपतीत काढली तर डाव्या नळीत धुकं, आणि धुक्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. पडल्यामुळे सील सैल झालं, नायट्रोजन गेला, कोकणचा पावसाळा आत आला. चूक माझी अर्धी. उरलेली अर्धी अशी की दुरुस्ती केंद्राने सत्तेचाळीस दिवस लावले, सात वेळा फोन केल्यावर 'आपटल्यामुळे गॅरंटीत बसत नाही' असं सांगितलं, तेवीसशे रुपये घेतले आणि पाठवली ती उजव्या नळीचं कडं घट्ट करून, इतकं घट्ट की ह्यांना पक्कड घ्यावी लागली. गॅरंटीच्या कागदावर 'आपटल्यास' हा शब्द कुठे आहे ते मी त्याच दुर्बिणीने शोधलं, उलटी धरून. आहे. शेवटच्या ओळीत आहे.

एक ओरखडा डाव्या काचेवर आहे तो पूर्णपणे माझा. खारा तुषार उडाला म्हणून पदराने पुसली. पदराला वाळू होती. काचेवरचा तो जांभळट लेप नाजूक असतो. आधी फुंकणीने वाळू उडवायची (कानाला लावायच्या पिचकारीसारखी रबरी फुंकणी मिळते, साठ-सत्तर रुपये), मग मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून मीठ टिपायचं, मग कोरडं. तोंडाने फुंकू नका, आपल्या वाफेत बुरशीला लागतं ते सगळं असतं. आणि सूर्याकडे नळी करू नका, मुलांच्या हातात देताना हे पहिलं वाक्य.

गळ्यातला पट्टा टाकाऊ आहे, सुतळीसारखा रुततो. मी जुन्या सतरंजीचा शिवून घेतला. दूरच्या वाळूच्या दांड्यावर बसलेल्या छोट्या चिखल्या पक्ष्यांची जात ओळखायची असेल तर ही पुरत नाही, त्याला तिपाईवरची एकनळी लागते, आणि तिची किंमत ऐकून मी फोन ठेवला.

पाचातले चार गुण देते. एक कापला तो पट्ट्याचा आणि शेवटच्या ओळीचा. ह्यांना विचाराल तर पाच देतील. हे तिच्यातून माडावर चढण्याआधी खालून नारळ पिकलेत का बघतात, आणि वानरं शेजारच्या बागेत आहेत की आपल्या, ते ओटीवर बसून ठरवतात.

यंदाच्या पावसाळ्यात ती पिशवीत ठेवली नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी निळ्या सिलिका जेलच्या दाण्यांची पुरचुंडी. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात (तवा वेगळा ठेवा, तो स्वयंपाकाला नको). जूनपासून सहा वेळा परतले. दसऱ्याला डबा उघडला, काच लख्ख. घरात घट्ट झाकणाचा असा एकच डबा होता, पापडांचा. पापड यंदा पिशवीत आहेत, मऊ पडलेत, आणि त्यावरून रोज जेवताना मला बोलणी बसतायत.